घरच्या माणसाचं पान

प्रिय मामा,

टीम निवडताना शेवटचं एक नाव अडलं की तुम्हाला फोन लावायचा, ही माझी जुनी खोड. शाळेची टीम असो, जिल्ह्याची असो, बोट आपोआप तुमच्या नंबरावर जातं. गेल्या आठवड्यातही गेलं. फोन मामीनं उचलला. "वैशे, ह्यो फोन आता मी वापरती, इसरलीस व्हय? टीमचंच असंल काय तरी. बोल, कुठली पोरगी अडली?" मामीला अजून ऑफसाइड कळत नाही, पण माझा फोन कशासाठी येतो ते पक्कं कळतं. आणि मला काही सांगता येईना, कारण अडलेली पोरगी तिचीच नात होती.

म्हणून हे पत्र. तुम्ही होतात तोवर माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीत. आता तरी शेवटपर्यंत ऐकाल ना?

आधी बातमी. देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची मी कोच झालेय. मदतनीस नाही, मुख्य. तुम्ही असतात तर पेढा तोंडात टाकायच्या आधी "गोलीला कोण हाय?" असं विचारलं असतंत. गोलकीपर चांगली आहे, मामा. मिझोरामची आहे आणि तुमच्याइतकीच तिखट बोलते. एक सोडून बाकी सगळी नावं ठरलीत. उरलेलं नाव समीक्षाचं, तुमच्या संतोषच्या पोरीचं. ती संघात आहे की नाही, हे मला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.

ती खेळते कशी हा प्रश्नच नाही. मधल्या फळीत तिच्या वयाची तिच्याइतकी शहाणी मुलगी मला देशभर फिरून दिसली नाही. प्रश्न एवढाच की मी तिची आत्या लागते. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला तोंडपाठ आहे. "घरचं माणूस शेवटच्या पंगतीला." याच एका वाक्यावरून तुमचं-माझं बिनसलं होतं. तुम्ही गेलात तरी माझ्या मनातून ते गेलं नव्हतं. परवा तुमच्या वर्षश्राद्धाला गावी गेले, तेव्हा जे झालं ते सांगायचंय. पण तिथवर यायला मला जरा लांबून यावं लागेल.

इस्लामपूरकडच्या आपल्या गावात पोरगा झाला की त्याला दोनच वाटा, तालीम नाहीतर पलटण. तुम्ही पलटणीत गेलात आणि पहिल्याच सुट्टीला काखेत फुटबॉल घेऊन आलात. थोरल्या आजोबांनी ओट्यावरूनच झापलं होतं म्हणे, "आरं, तालमीत घाम गाळायचा सोडून चेंडू कसला लाथाडतोस?" आणि तुम्ही म्हणालात, "तात्या, कुस्तीत एकालाच पाडायचं. हितं अकरा जणांस्नी पाडाय लागतंय." ही गोष्ट आईनं मला इतक्यांदा सांगितलीय की मी तिथं उभी होते असंच मला वाटतं.

सगळी पोरं सुट्टीत मामाच्या गावाला आंबे खायला जातात, मी साताऱ्याहून तुमच्या शिव्या खायला यायची. शाळेमागच्या मैदानात मला एकटीला पळवायचात. बॉल शेजारच्या उसात गेला की आणायचा मीच. पात्यांनी हात चरचरले, डोळ्यांत पाणी आलं, तरी वर ऐकायचं काय, तर "नीट मारला असतास तर उसात गेला असता व्हय?" मैदानावर मामा म्हणायची बंदी होती, सर म्हणायचं. मैदानाची कड ओलांडली की परत मामा, आणि मग खिशातून लिमलेटची गोळी निघायची. त्या गोळीला तुमच्या तंबाखूचा वास यायचा. तरी मी ती खायचीच.

पुढं तुम्ही पलटणीच्या टीमचे कोच झालात आणि मग एक दिवस देशाच्या महिला संघाचे. गावानं वेशीवर केवढा फलक लावला! फेटा बांधलेला तुमचा फोटो, आणि खाली फलकवाल्यानं हौसेनं छापलेली बॅट नि तीन स्टंप. सरपंच ओशाळले, फलक उतरवायला निघाले, तर तुम्हीच अडवलंत. "ऱ्हाऊ द्या. निदान ह्यो कसला तरी खेळ हाय एवढं तरी गावाला समजलंय."

त्या वर्षी संघाचं शिबिर पुण्यात होतं आणि मीही त्यात होते, आठवतंय ना? यात्रेच्या दिवशी तुम्ही अख्खा संघ बसमध्ये घालून गावाला आणलात. पोरींना वाटलं, सरांच्या गावचा पाहुणचार आहे. मणिपूरच्या, बंगालच्या, केरळच्या मुली, छान केस विंचरून आलेल्या. उतरल्या उतरल्या तुम्ही एकेकीच्या हातात बादली दिलीत. कुणाकडं आमटी, कुणाकडं भात, कुणाकडं खपली गव्हाची खीर. देवळापुढं सगळं गाव पंगतीला बसलेलं. सरपंच धावत आले, "आवं कोच, पावण्या पोरी त्या, कामाला काय लावताय?" तर तुम्ही म्हणालात, "मला बघू द्या जरा. गप बसा आनि जेवा."

मग तुम्ही लिंबाखाली उभे राहून आमचं वाढप बघत होतात. पळी कशी धरली, ओळीतून कशी चाललो, कुणाच्या पानात सांडलं, कोण नुसतीच पळत सुटली. बसमध्ये परत बसल्यावर म्हणालात ते मी आजही माझ्या मुलींना सांगते, फक्त तुमच्या भाषेत सांगता येत नाही. "हात वर केल्याव कुनीबी वाढतंय. मागायच्या आदी रिकामं पान दिसाय पायजे. ज्येला पान दिसतं त्येला मैदानातली मोकळी जागा दिसती."

मणिपूरच्या थोइबीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण ओळीच्या टोकाला बसलेल्या एका म्हातारीला भात गिळवत नाही, हे तिला लांबूनच दिसलं. बादली खाली ठेवून ती आधी पाणी आणायला पळाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला कप्तान केलंत. पुण्याच्या वार्ताहरानं विचारलं, निवड कशावरून केली? तुम्ही सरळ सांगितलंत, "भात वाढताना बघून." तो बिचारा हसला आणि त्यानं काही लिहिलंच नाही.

मी खीर वाढत होते. तुम्ही माझ्याकडं बघून एकदाच मान हलवलीत. तुमच्या तोंडून शाबासकी निघणं म्हणजे उन्हाळ्यात कृष्णेला पूर येणं, त्यामुळं ती मान मला पुरली. मग गाव उठलं, पाहुणे उठले, संघाच्या मुली जेवून उठल्या, आणि शेवटच्या पंगतीला मामी, संतोषदादा, आई आणि मी बसलो. तोवर खिरीचं पातेलं खरवडून झालं होतं. मी तोंड वाकडं केलं. तुम्ही हसून म्हणालात, "घरच्यांनी चालवून घ्यायचं असतंय." यात्रेतल्या खिरीपुरतं ते खरंच होतं, मामा. मी चालवून घेतलं.

पण पुढच्या महिन्यात पात्रता फेरीचा संघ तुम्ही वाचून दाखवलात आणि त्यात मी नव्हते. जेवणघराबाहेर तुम्हाला गाठलं तर तुम्ही बुटाच्या नाडीशी खेळत बसलात. "वैशे, तू घरचं मानूस. पावनी उठल्याबिगर घरच्यांनी बसायचं नसतंय. म्होरल्या खेपंला तुझी पंगत."

"मामा, माझ्या जागी जिला घेतलंत, तिच्यापेक्षा मी चांगली खेळते की नाही, तेवढंच सांगा."

"त्ये इचारू नगंस."

त्या तीन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं आजवर कशानं लागलं नाही. मी कमी पडते म्हणाला असतात तर रडून गप्प बसले असते. पण तुम्हाला ठाऊक होतं की मी कमी पडत नाही, आणि तरीही. लोक म्हणतील भाचीला घेतली, या भीतीनं तुम्ही मला बाहेर ठेवलंत. पलटणीत एवढी वर्षं काढलेला माणूस लोकांच्या तोंडाला भ्याला!

पात्रता फेरीचा शेवटचा सामना आपण एका गोलनं हरलो. थोइबीनं मला नंतर सांगितलं, उत्तरार्धात मधल्या फळीतून, माझ्या जागेवरून, पुढं बॉलच येत नव्हता. पुढच्या मुली हात वर करकरून थकल्या. म्हणजे वाढपीच नव्हता पंगतीला. तुमची मुदत संपली होती, ती कुणी पुढं वाढवली नाही. नवे कोच आले, त्यांनी नव्या पोरी घेतल्या. तुमची "म्होरली खेप" काही आली नाही, आणि देशाची जर्सी मी कधीच घातली नाही. तुमचं नाव स्वच्छ राहिलं, मामा. पान माझं रिकामं राहिलं.

मी तुमच्याशी बोलायचं सोडलं. बोलले नसतेच, पण लग्न ठरलं, आणि आपल्याकडं मामाशिवाय पोरगी बोहल्यापर्यंत पोचते का? गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तुम्ही आलात, कोपराला धरलंत. मांडवातून चालताना माझ्या कानाशी म्हणालात, "अजून राग हाय?" मी म्हटलं, "आहे." तुम्ही म्हणालात, "बरं. पाय जपून टाक, साडीत आडकतोय." असा आपला समेट झाला.

त्यानंतर मी साताऱ्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि तुम्ही गावच्या मैदानावर पोरी जमवल्या. फोन सुरू झाले. शिव्या सुरू झाल्या. शेवटच्या आजारात दवाखान्यातसुद्धा तुम्ही सांगलीच्या त्या नर्सबाईंना "जागा सोडून पळू नगासा, मागं कोन ऱ्हानार?" म्हणून दमात घेत होतात. हसावं की रडावं ते मला कळेना. पण त्या संघाबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. एकदा तरी "चुकलं माझं" म्हणायला काय झालं होतं? मी कितीतरी वर्षं त्या दोन शब्दांची वाट बघितली.

आता परवाचं.

श्राद्धाला सगळी भावकी जमली होती. परड्यात मांडव घातला होता. पहिली पंगत बसायला लागली तशी मी सवयीनं बादली उचलायला गेले, तर मामीनं हाताला धरून मला ओढलं आणि सोयऱ्यांच्या ओळीत पहिल्या पानावर बसवलं. मी म्हटलं, "मामी, मी घरची. मी मागनं बसते."

"गप बस हितं. त्यांनी घालून दिल्याली जागा हाय तुझी."

मला कळेना. मग मामीनं तिथंच, माझ्या पानाशी बसून सांगितलं, ते मी आहे तसं लिहिते. "तुझं लगीन झाल्यापासनं दर यात्रंला तुला पयल्या पंगतीला कोन बसवायचं? बाप्यांच्या वळीत, सरपंचाच्या शेजारी? आनि सोता बादली घिऊन कोन वाढायचं? तुला वाटायचं मामा चेष्टा करत्यात. एकदा मी इचारलं त्यांस्नी, आवं ही काय नवी रीत, घरच्या पोरीला पावन्यांच्या आदी? तर म्हनले, पोरीची एक पंगत चुकवली मी. ती काय आता परत मांडता येत न्हाई. तवा हितनं म्होरं जेवढ्या हायत तेवढ्या तरी पयल्या."

मामा, तुम्ही मला सांगायचं होतंत हो.

दर वर्षी मी "पुरे, पुरे" म्हणत पानावर आडवा हात धरायचे आणि तुम्ही बोटांवरनं खीर ओतायचात. सगळे हसायचे. राष्ट्रीय संघाचा कोच होऊन गेलेला माणूस गुडघ्यांची कुरकुर सोसत ओळीत वाकतोय, तो फक्त माझ्या पानाशी दोनदा येतोय, हे मी दरवर्षी बघत होते. रिकामं पान लांबून बघायला तुम्हीच शिकवलंत, आणि एवढी मोठी गोष्ट मला समोर दिसली नाही. परवा त्या पानावर बसून मी सगळ्यांदेखत रडले. भावकीला वाटलं, भाचीचा फार जीव होता मामावर. होताच की.

डोळे पुसून वर बघते तर समोरच्या ओळीत समीक्षा आमटीची बादली घेऊन चाललेली. भावकीतल्या नामूअण्णांचा उजवा हात आता चालत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? ते डाव्या हातानं जेवतात आणि कुणी बघेल म्हणून लाजतात. तिनं ओळीत कुणाला कळू न देता त्यांचा द्रोण डावीकडं सरकवला, भात फोडून त्यावर आमटी घातली आणि पुढं गेली. मी आपोआप परड्याच्या कडेच्या लिंबाकडं बघितलं, तुम्ही उभे आहात का म्हणून.

पंगत उठल्यावर संतोषदादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैशे, येक सांगू? पोरीचं नाव घालू नगंस. लोकं म्हनतील आत्यानं घातली. तुझं नाव नुकतं कुठं झालंय. आमच्या आप्पांनी तुला न्हवतं का ठिवलं मागं?" बापच असं म्हणतोय! मामा, तुम्ही घालून दिलेलं वळण किती खोल गेलंय बघा. आणि खरं सांगू? मलाही मनातून तेच सोपं वाटत होतं. एक नाव खोडलं की माझ्यावर बोट उठणार नाही. सगळे म्हणतील, वा, काय कडक बाई आहे.

तेवढ्यात दुसरी पंगत बसायला लागली. माणसं कमी होती, पानं मोकळी होती. मी समीक्षाला म्हटलं, "बस की तू आता." तिनं मान हलवली. "नको आत्या. घरच्यांनी मागनं बसायचं. मला सवय हाय." सोळा वर्षांची पोर, आणि "सवय हाय" म्हणते. तिला वाटत होतं आपण जेवणाबद्दलच बोलतोय. की तिला सगळं कळलं होतं? तुमची नात आहे, सांगता येत नाही.

मी तिच्या हातातली बादली काढून घेतली. खांद्याला धरून तिला पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं. भात, आमटी, मग खीर. ती "पुरे, पुरे" म्हणाली आणि पानावर आडवा हात धरला. मी बोटांवरनं ओतली. मामी चुलीपाशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली.

तेव्हा उद्या समीक्षाचं नाव यादीत जाणार, मामा. बोलणारे बोलतील, त्यांना मैदानावर बोलावून तिचा खेळ दाखवीन. आणि ती पहिल्याच सामन्यात ढेपाळली तर तिला बाहेर बसवायलाही मी मागंपुढं बघणार नाही. मग घरी मामीनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला तरी चालेल. तुमच्यावरचा राग मी परवा त्या मांडवात सोडून आले. तुम्ही माझं चुकवलंत ते चुकवलंतच, ते मी गोड करून सांगणार नाही. पण भरपाई म्हणून तुम्ही आयुष्यभर माझ्या पानाशी वाकत राहिलात, तेही कधी विसरणार नाही.

एक वचन देते. यापुढं बादली हातात घेऊन ओळीत उतरले की पान पाहुण्याचं आहे का घरचं, ते मी बघणार नाही. रिकामं आहे का, तेवढंच बघीन.

तुमची भाची,
पहिल्या पंगतीतली,
वैशे